माझ्यासमक्ष

माझे सासरे तात्यासाहेब मगदूम, ज्यांना सगळी शाहूपुरी अण्णा म्हणते, गेली एकतीस वर्षं नोटरीचं काम करतात, आणि सही करणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसल्याशिवाय त्यांनी या एकतीस वर्षांत एकदाही शिक्का उचललेला नाही. हे मला लग्न ठरतानाच सांगण्यात आलं होतं. इतर घरांत मुलाचा पगार सांगतात, तसं. ऑफिस घराच्या खालच्या मजल्यावरच असल्यामुळं लग्नानंतर दुसऱ्या महिन्यापासून मी रजिस्टर लिहायला बसू लागले. क्रमांक, तारीख, नाव, कागद कसला, ओळख कुणी पटवली. मग समोरच्याची सही आणि डाव्या हाताचा अंगठा. आधार कार्ड मूळ बघायचं, झेरॉक्स नाही. फोटो आणि चेहरा जुळवायचा, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही तर त्या माणसाला स्वतः ओळखणाऱ्या दुसऱ्याची सही घ्यायची.

लोकांना हे पटत नाही. उचगावचा कृष्णात एकदा बायकोचं प्रतिज्ञापत्र घेऊन एकटाच आला.

"मंडळी तापानं फणफणल्यात, वहिनी. तिची सही मीच मारतो की. बँकेत बी मीच करतोय."

"मग बँकेतनंच शिक्का मारून घ्या," अण्णा म्हणाले.

"अण्णा, माझीच बायको हाय ओ."

"म्हणूनच तिला घेऊन या."

मला हे काम आवडलं. मी कमी बोलते, त्यामुळं बघायला वेळ मिळतो. आधार कार्डावरच्या फोटोसारखं या जगात कुणीच दिसत नाही, म्हणून मी चेहऱ्यापेक्षा कान बघते. त्या कानांवरूनच भावाच्या जागी सहीला बसलेला एक भाऊ मी पकडला, आणि त्या दिवशी जेवताना अण्णा माझ्याकडं बघून दोनदा हसले.

माझं नाव अनुजा. लग्नात सासूबाईंच्या, म्हणजे राजमतीआत्यांच्या हौसेखातर माझ्या नवऱ्यानं, अभिनंदननं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'संयोगिता' लिहिलं. मी ते वाचलं, पेढे वाटले गेले. घरात संयोगिता, कागदावर अनुजा, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि "ठेव की, कोण काय म्हणतंय," असं तो म्हणालाही होता. त्याच नावानं माझी पदवी आहे, आणि त्याच नावानं जयसिंगपूरच्या एका कॉलेजातून ग्रंथालयातल्या नोकरीचं पत्र आलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

सोमवारी दुपारी मी प्रमाणपत्रांच्या प्रती शिक्क्यासाठी अण्णांसमोर ठेवल्या. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. आत्या बस्तीत दर्शनाला गेल्या होत्या, अभिनंदन शिरोलीला कारखान्यात होता आणि वरच्या दाराला मी स्वतः कडी लावून आले होते.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. "आता अनुजाच्या नावानं कसं चालेल? गुरुवारी तूच नाव बदलून घेतलंस की."

बुधवारपासून शनिवारपर्यंत मी जयसिंगपूरला माहेरी होते. मी तसं सांगितलं. अण्णा वाद घालत नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. क्रमांक चारशे बारा, गुरुवार. नावात बदल केल्याचं प्रतिज्ञापत्र. यापुढं अनुजा या नावानं कोणताही व्यवहार करणार नाही, असं लिहून दिलेलं. ओळख पटवणारा, अभिनंदन. खाली 'संयोगिता अ. मगदूम' अशी सही. या नावानं मी आजवर एकदाही सही केलेली नव्हती, आणि ही सही मात्र वर्षानुवर्षं करत आल्यासारखी, न अडखळता, एका दमात केलेली होती. अक्षर माझं होतं.

"हितंच बसलेलीस," अण्णा म्हणाले. "घरचं काम घरात नको म्हणालो मी, तर तूच हट्ट केलास. अर्धा कप चहा बी घेतलास."

मी घाबरणाऱ्यातली नाही. खोटी माणसं कशी पकडायची हे मी याच टेबलावर शिकले होते. मी आधी आईला फोन लावला.

"गुरुवारी मी कुठं होते गं?"

"हितंच की. दुपारभर माझ्याबरोबर शेंगा फोडत होतीस. का, आत्तापासनंच विसरायला लागलीस व्हय?"

मग अभिनंदनला. त्याच्यामागं यंत्रं धडधडत होती.

"गुरुवारी खाली सहीला आलेलास तू?"

"तूच तर ओढून नेलंस."

"नीट बघितलंस का मला?"

"बायकोला वळखायला काय आधार कार्ड लागतंय व्हय?" तो हसला आणि त्यानं फोन ठेवला.

राहिला अंगठा. अंगठ्याला नातीगोती नसतात. मी शाईच्या पॅडवर डावा अंगठा दाबून कोऱ्या कागदावर उमटवला आणि अण्णांचं भिंग घेऊन दोन्ही ठसे शेजारी शेजारी बघितले. मधला भोवरा तोच, डावीकडं फुटलेली रेघ तीच. फक्त माहेरी जायच्या आदल्या दिवशी विळीनं मला जे कापलं होतं, ती तिरपी खूण माझ्या ठशात पांढरी उमटली होती, आणि गुरुवारच्या ठशात ती नव्हती. अंगठा माझाच होता. त्याला कधी काही लागलं नव्हतं, एवढंच.

"हे रद्द करायचंय," मी म्हणाले.

"करू की. ज्यानं लिहून दिलं त्यानं समक्ष यायचं."

"मी समक्षच आहे."

"तू म्हणतेस, मी दिलंच नाही. दिलं नसशील तर तुला रद्द करता येणार नाही." ते अगदी मायेनं, एखाद्या पक्षकाराला समजावावं तसं बोलत होते. "आणि दिलं असशील, तर संयोगिता म्हणून सही कर. लगेच रद्द करून देतो."

म्हणजे माझं नाव परत मिळवायला आधी ते सोडावं लागणार होतं. मी त्यावर थोडा वेळ विचार केला. कायद्यात चूक नव्हती. चूक बाईत होती, आणि बाई समोर नव्हती.

"मग तिला बोलवा," मी म्हणाले. "बसू दे इथं. माझ्यादेखत सही करू दे."

हे उत्तर मला आवडलं. अण्णांनाही आवडलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली, आणि उठून जिन्याशी जाऊन रोजच्या आवाजात वर हाक मारली.

"संयोगिता, जरा खाली ये गं."

"आले," वरून कुणीतरी म्हणालं.

आवाज ओळखीचा वाटला नाही. पण स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला तर कुणालाच ओळखीचा वाटत नाही. कडी निघाल्याचा आवाज झाला. अण्णांनी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची आणून माझ्या खुर्चीला लागून ठेवली. जिन्यावर पावलं वाजू लागली, आणि मी रजिस्टर पुढं ओढून पुढचा क्रमांक घातला, तारीख लिहिली, आणि नावाचा रकाना मोकळा ठेवला.