रेघा हलतात

आईने पाण्याचा पेला तोंडाला न लावताच परत ट्रेमध्ये ठेवला. दवाखान्याच्या स्वागताच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, घ्या ना आजी, बाहेर किती ऊन आहे. आईने "नंतर, नंतर" म्हणत मान हलवली आणि मांडीवरची कापडी पिशवी आणखी जवळ ओढून घेतली. पिशवी चांगलीच फुगलेली होती.

बेबीने बसमध्येच तिला विचारलं होतं, काय एवढं भरून घेतलंयस, तासाभरात तर परत यायचंय. आई म्हणाली होती, असू दे, लागतं. आईच्या लेखी हे उत्तर छत्रीपासून सुईदोऱ्यापर्यंत सगळ्याला चालत असे, म्हणून बेबीने नाद सोडला. खरं म्हणजे आज तिला कुठलाच विषय वाढवायचा नव्हता. विषय वाढला असता तर आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत हेही सांगावं लागलं असतं.

नाव बेबी आणि वय चव्वेचाळीस. घरातल्या घरात ठेवलेलं नाव सासर-माहेर करत दुकानापर्यंत पोचलं होतं. दुकान चष्म्यांचं. तिथे ती लग्नाआधीपासून पुढच्या काउंटरवर उभी असे. गिऱ्हाइकाच्या मागे जायचं, फ्रेम त्याच्या कानांवर बसवायची आणि खांद्यावरून आरशात बघायचं, नीट बसली का. त्यामुळे स्वतःचा चेहरा तिला कायम दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्याशेजारी दिसायचा. वर्षानुवर्षं तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मग गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजच्या मुलीला फ्रेम बसवताना तिने आरशात पाहिलं आणि तिला वाटलं, अरे, आई कधी आली दुकानात? तिने मागे वळून पाहिलं. मागे नुसतं कपाट होतं.

पुढे काही दिवसांनी मालकांनी तिला आतल्या टेबलावर काचा बसवायला बसवलं. उभं राहून तुम्हाला त्रास होतो, असं म्हणाले. त्रास होतो असं ती कधी बोलली नव्हती. काउंटरवर नवी मुलगी आली, तिला अजून डावा-उजवा नंबर धड कळत नव्हता, पण गिऱ्हाइकं तिच्यासमोर खुशाल तासभर बसत. बेबीचा सगळा जीव त्या काउंटरवर होता. तिथे ती कोणीतरी होती. आतल्या टेबलावर तिच्यासमोर फक्त काचा होत्या आणि दिव्याचा प्रकाश. नवऱ्याला तिने सांगून पाहिलं. तो म्हणाला, तुझा चेहरा, तुझा निर्णय, आणि पुन्हा पेपर वर धरला.

मग ती चेहऱ्यावरचं वय कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे गेली, आणि पहिल्या भेटीत त्यांनी दोन मार्ग सांगितले. डॉक्टर तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, बोलायला मोकळ्या. चेहरा कुणावर गेलाय, असं त्यांनी विचारलं, आणि आईवर म्हटल्यावर म्हणाल्या, मग आईचा अलीकडचा एखादा फोटो आणा, म्हणजे पुढे काय काय खाली येणार आहे ते दिसेल. पण आईचा धड फोटोच नव्हता. प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी मागे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. सगळ्या शहराने तिचा आवाज ऐकला, चेहरा कुणी पाहिला नाही. "म्हणून तर नोकरी टिकली," असं ती स्वतःच म्हणायची.

फोटो नाही, तर आईलाच घेऊन या, डॉक्टर म्हणाल्या.

आता हे आईला कसं सांगायचं? तुझ्यासारखं दिसायचं नाही, म्हणून तुला दाखवायला न्यायचंय, असं कुणी आपल्या आईला सांगतं का? ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड बेबीला लहानपणापासून होती. चार दिवसांपूर्वी तिने फोनवर एवढंच सांगितलं, की डॉक्टरांना तुला बघायचंय. माझ्यासाठी. आईने विचारलं, तुझ्यासाठी म्हणजे? तेव्हा ती म्हणाली, अगं, काही गोष्टी आईकडून मुलीकडे येतात ना, म्हणून. आईने कोणत्या वारी ते विचारलं. मग म्हणाली, येते. एवढ्यावर निभावलं, म्हणून बेबीला हायसं वाटलं होतं.

आत बोलावलं तेव्हा आई पिशवी घेऊनच आत गेली. डॉक्टरांनी तिला उंच खुर्चीत बसवलं, वरचा दिवा चेहऱ्यावर ओढला आणि हनुवटी वर करायला सांगितली. आईने हनुवटी वर केली आणि नजर छताला लावली. पिशवी तिने खाली ठेवली नाही. डॉक्टरांनी पांढरी पेन्सिल घेतली.

"हे बघा, गालाचा उंचवटा मूळचा इथे असतो. तो घसरत इथवर आलाय." पेन्सिल आईच्या गालावरून उतरली, बोलणं मात्र बेबीशी चाललं होतं. "ही नाकापासून ओठाच्या कडेपर्यंतची घडी. आणि जबड्याची रेषा इथे मोडते. तुमची अजून मोडलेली नाही, पण सुरुवात इथूनच झालीय."

त्यांनी बेबीच्या हातात आरसा दिला. बेबी एकदा आरशात आणि एकदा आईकडे बघत राहिली. दिव्याखाली आईचा चेहरा फार मोठा वाटत होता. त्यावरच्या एकेका रेघेशी ती आपला गाल जुळवून पाहत होती, आणि त्यात इतकी गढली होती, की तो चेहरा कुणाचा आहे ते थोडा वेळ विसरूनच गेली.

डॉक्टर नीट समजावून सांगत होत्या, कशाचीही भलावण न करता. फिलर म्हणजे सुईने आत जेल भरायचं. त्याच दिवशी घरी, थोडी सूज, वर्षभर चेहरा भरलेला दिसतो. मग ते विरतं आणि पुन्हा भरावं लागतं. आणि घसरलेलं काही त्याने वर जात नाही, त्यामुळे भरत गेलं की चेहरा जड दिसायला लागतो. दुसरा मार्ग छोट्या शस्त्रक्रियेचा. कानापुढे छेद, आतला थर वर ओढून शिवायचा, जास्तीची कातडी काढायची. आठ-दहा वर्षं टिकतं, पण दोन-तीन आठवडे लोकांत जाता येत नाही. चेहऱ्याच्या नसेला इजा व्हायचा धोका थोडा असतो, नाहीच असं मी म्हणणार नाही. आणि तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत तरी काही बिघडत नाही, हेही लक्षात ठेवा.

छेद, शिवणं, नस. आईच्या हातातली पिशवी चुरगळत होती. डॉक्टर थांबल्या, तसं तिने छताकडे बघतच विचारलं,

"रक्त आधी घेणार का, डॉक्टर? मी रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. पाणीसुद्धा नाही."

"रक्त कशाला, आजी?"

"जुळतं का ते बघाल ना आधी?" आईचा आवाज अगदी शांत, एक्स्चेंजमधला होता. "वय झालंय माझं, पण साखर नाही, बीपी नाही. तिला माझं जे काही लावता येत असेल, ते घ्या. मी राहायच्या तयारीने आलेय."

डॉक्टरांनी बेबीकडे पाहिलं. बेबी आरशाच्या दांड्याकडे बघत होती. आता काहीतरी बोलायला हवं हे तिला कळत होतं.

शेवटी डॉक्टरच खाली वाकून आईच्या कानाशी म्हणाल्या,

"आजी, तुमच्या मुलीला काहीही झालेलं नाही."

"गाठ नाही?"

"गाठ नाही, काही नाही. ठणठणीत आहेत त्या. चेहऱ्यावर वय दिसायला लागलंय, ते थोडं कमी करून हवंय त्यांना. एवढंच."

"एवढंच?"

आईचा जीव भांड्यात पडला. तिने डोळे मिटले, मग उघडले, आणि ती हसायला लागली. गाल वर चढले, घड्या खोल गेल्या, डोळ्यांच्या कडांना जाळं पडलं, आणि डॉक्टरांनी इतक्या बेताने काढलेल्या पांढऱ्या रेघा जागा सोडून भलतीकडेच गेल्या. डॉक्टरांना एक फोटो घ्यायचा होता.

"हसू नका आजी, रेघा हलतात."

पण आईला हसू आवरेना. तिने दोन-तीनदा तोंड मिटून पाहिलं, डॉक्टरांची माफी मागितली आणि पुन्हा हसली. चार दिवस दाबून ठेवलेलं काहीतरी असं बाहेर येत होतं. फोटो राहूनच गेला.

बाहेर पडताना टेबलावरची मुलगी म्हणाली, डॉक्टर पुढच्या आठवड्यात नाहीत, तर काय करायचं ते आजच ठरवा, मी फोन करते.

समोरच्या हॉटेलात आईने चहात पाव बुडवून खाल्ला, मग आणखी एक मागवला. शेजारच्या टेबलावरची माणसं तिच्याकडे वळून बघत होती. तेव्हा कुठे बेबीच्या लक्षात आलं, की रेघा पुसायच्या राहिल्या आहेत. तिने हातरुमाल पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि आईचा चेहरा पुसायला घेतला. कातडी फार मऊ होती, बोटाखालून सरकत होती. इतक्या वर्षांत तिने आईच्या गालाला असा हात कधी लावला नव्हता. लावायचं कारणच पडलं नव्हतं. जबड्याजवळची एक रेघ काही केल्या निघेना.

"राहू दे, आंघोळीत जाईल," आई म्हणाली. मग चहाचा घोट घेऊन, "मला वाटलं होतं, गाठ असेल, नाहीतर मूत्रपिंड लागत असेल. पण कातडीच हवी असती तर माझी काय कामाची होती म्हणा."

"आई, मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," आई म्हणाली. "चार रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. विचारायची हिंमत होईना. म्हटलं, विचारलं आणि खरंच निघालं तर?"

रुमाल ठेवायला जागा करावी म्हणून बेबीने आईची पिशवी उघडली. आत टूथब्रश, फणी, घरातल्या चपला, आणि घडी घातलेले दोन गाऊन होते. एक जुना, एक कोरा.

"दोन कशाला?"

"नवा तुझ्यासाठी. दवाखान्यातले मागून उघडे असतात. तुला आवडलं नसतं."

बेबीला रडू आलं. आणि रडताना आपला चेहरा कसा दिसत असेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. आत्ता, या क्षणीसुद्धा. त्याची तिला इतकी लाज वाटली, की तिने मान खाली घातली. तिला काउंटर हवा होता, तो अजूनही हवा होता. आईच्या त्या कोऱ्या गाऊनने त्यात काही फरक पडला नव्हता, आणि हेच तिला सगळ्यात जास्त खात होतं.

आईने पिशवी बंद केली. पावाचा चुरा बशीत गोळा केला. मग म्हणाली,

"त्या माझ्या तोंडावर काढत होत्या, ते तुला होऊ नये म्हणून ना?"

"हो."

"खाण तशी माती, दुसरं काय," आई हसून म्हणाली, पण या वेळी हसू ओठांपर्यंतच आलं. तिने खिडकीच्या काचेत एकदा स्वतःला पाहिलं, मान या बाजूने, मग त्या बाजूने. "बेबी, मी काय म्हणते. या वयात करतात का गं ते? म्हणजे माझंच करून घेतलं तर? तुला माझ्याकडे बघून भीती वाटायची नाही मग. तुला सुया नकोत, काही नको."

ती थट्टा करत नव्हती. मघाशी रक्ताचं विचारताना होता तोच तिचा आवाज होता.

टेबलावर ठेवलेला बेबीचा फोन वाजायला लागला. बेबी त्याच्याकडे बघत राहिली. तीन-चारदा वाजेपर्यंत आईने कसंबसं सहन केलं.

"उचल. कुणीतरी पलीकडे थांबलेलं असतं."

बेबीने फोन उचलला. दवाखान्यातली ती मुलगी होती. बोला मॅडम, ती म्हणाली, काय ठरलं, फिलर की शस्त्रक्रिया? बेबीने आईकडे पाहिलं. ती आपल्याकडे बघतेय हे कळताच आईने सहज वाटावं असा हात वर नेला आणि जबडा तळव्याने झाकून घेतला. तिथली ती एक पांढरी रेघही त्याखाली गेली.

बेबीने मोकळ्या हाताने तो हात खाली घेतला आणि टेबलावर धरून ठेवला. पलीकडून मुलगी पुन्हा विचारत होती, मॅडम, ऐकू येतंय ना, काय लिहू?