फदांगच्या बियांत काय होतं

दुरून पाहिलंत तर मला नारळ म्हणाल, जवळ आलात तर नेचा म्हणाल. मी दोन्ही नाही. मी ग्वाम बेटावरची फदांग, आणि मला थोडं बोलायचं आहे. माणूस अस्वस्थ झाला की येरझाऱ्या घालतो. झाडाला ती सोय नाही. कितीतरी वर्षं मी एका जागी उभी राहून एकच प्रश्न चघळते आहे, आणि आता वेळही फारसा उरलेला नाही.

माझा जन्म बेटाच्या दक्षिणेला, चुनखडीच्या उतारावर झाला. माती म्हणाल तर मूठभर. अशा खडकात आम्ही जगतो ते मुळांच्या जोरावर. माझ्या काही मुळ्या खाली जायच्या सोडून वर येतात आणि पोवळ्यासारख्या गुठळ्या धरतात. त्या गुठळ्यांत डोळ्यांना न दिसणारे हिरवट जीव बिऱ्हाड करून राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडतात आणि मग आम्ही मिळून अमिनो आम्लं घडवतो. हे नाव मी फार पुढे माणसांच्या तोंडून ऐकलं. तोवर मला एवढंच ठाऊक होतं की त्यातून माझं पान होतं, खोड होतं, बी होतं.

मी मादी. माझ्या बिया लिंबाएवढ्या, पिकल्या की तांबूस. अळी त्यांना सहसा तोंड लावत नाही. का लावत नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता.

उतारावर घर बांधून सिरिलो आणि एन्ग्रासिया राहायला आली, तेव्हा दोघं तरुण होती. सिरिलो कोळी. खाडीत कंबरभर पाण्यात उभा राहून तो पाग फेकायचा, आणि ते जाळं हवेत असं गोल उघडायचं की किनाऱ्यावरच्या बाया हातातलं काम टाकून बघत राहायच्या. एन्ग्रासिया बुटकी, तोंडाची फटकळ. त्यांची एकुलती एक मुलगी फेलिसिदाद. तिला सगळे फेली म्हणायचे.

फेली लहान असतानाच जपानी शिपाई बेटावर उतरले. घरोघरचा तांदूळ त्यांनी नेला. तेव्हा एन्ग्रासिया कोयता आणि टोपली घेऊन माझ्याकडे आली.

फदांगचं बी तसंच खाल्लं तर माणूस मरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून बिया फोडायच्या, गर चिरायचा, भिजत घालायचा. जुनं पाणी ओतायचं, नवं भरायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा भरायचं. शेवटचं पाणी आधी कोंबडीला पाजायचं. कोंबडी धडधाकट राहिली तरच गर वाळवून दळायचा आणि त्याच्या भाकऱ्या थापायच्या.

"कोंबडीला कशाला पाजतेस?" सिरिलो म्हणाला. "आधी मला पाज. मी मेलो तर कोंबडी तरी वाचेल. मातीला येणाऱ्यांना रस्सा मिळेल."

"तू मेलास तर मला रडायला फुरसत नाही," एन्ग्रासिया म्हणाली. "जा, झऱ्यावरून पाणी आण."

भाकऱ्या झाल्या. एन्ग्रासियाने खाल्ल्या, फेलीने खाल्ल्या. सिरिलोने एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकला. "ओल्या गोणपाटासारखा वास येतो याला!" त्यानंतर त्याने आयुष्यात फदांगच्या भाकरीला हात लावला नाही. नीरफणस भाजून खाई, अळकुड्या उकडून खाई, मासे तर होतेच.

आणि फानिही. आमच्याकडची मोठाली वटवाघळं. दिवस कलला की ती थव्याने माझ्यावर उतरत. पिकल्या बियांचं वरचं मांसल साल कुरतडून खात आणि आतला कठीण भाग खाली टाकून देत. सिरिलो लांब काठीला जाळं बांधून त्यांना धरी. एन्ग्रासिया ती नारळाच्या रसात शिजवी, अख्खी, कातडीसकट. सिरिलो हाडं चोखून झाल्यावर बोटंही चाटे. फेली मात्र नाक दाबून अंगणात पळे आणि फदांगची भाकरी खात बसे.

हे सगळं मी बघत होते. हिने काय खाल्लं, त्याने काय खाल्लं. पण कशाशी काय जोडायचं, ते तेव्हा कळत नव्हतं.

लढाई संपली. अमेरिकनांच्या बोटींतून तांदूळ आला, डब्यातलं मांस आलं. तरी सणावाराला एन्ग्रासिया माझ्या बिया भिजत घालायचीच. सिरिलोचा फानिहीचा शौकही सुटला नाही. आता तर त्याच्याकडे बंदूक होती.

मग एके दिवशी त्याचा पाग उघडला नाही.

मी वरून खाडी बघत होते. त्याने कंबर वळवली, हात फेकला, आणि जाळं एखाद्या ओल्या चादरीसारखं पाण्यात पडलं. बाकीचे कोळी हसले. "काय रे सिरिलो, रात्री ताडी जास्त झाली काय?" तोही हसला असावा, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं नाही. त्याचा चेहराच थिजत चालला होता. पुढे पाऊल उचलायला त्याला वेळ लागू लागला. दारात येऊन तो उभा राही, जणू उंबरा ओलांडायचा कसा हेच विसरला असावा.

गावात या दुखण्याला नाव होतं, बोदिग. कुणाला असं थिजवणारं, कुणाचे हातपाय वाळवून टाकणारं. दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात कुणीतरी खुर्चीत बसलेलं असे. लोक म्हणत शाप आहे. कुणाच्या तरी पणज्याने पाद्रीबाबाच्या झाडाचे आंबे चोरले, ते आता पणतू फेडतोय.

फेली तोवर इस्पितळात नर्स झाली होती. एक अमेरिकन डॉक्टर घरोघर हिंडून या दुखण्याचा शोध घेत होता. तिने त्याला घरी आणलं. त्याने सिरिलोला तपासलं, एन्ग्रासियाला काय काय खाता ते विचारलं, आणि माझ्याखाली बसून बिया पिशवीत भरल्या. जाताना फेलीशी तो बराच वेळ बोलला.

तो गेल्यावर फेली आईपुढे उभी राहिली. "आई, किती वेळा पाणी बदलायचीस?"

"तू मला विचारतेस? तुझ्या आजीने शिकवलंय मला! एक तरी कोंबडी मेली का कधी?"

"कोंबडी आज प्याली, उद्या तू बघितलंस. हे विष वर्षानुवर्षं गप्प बसतं, असं म्हणतात ते."

"मग बापाला का? मी खाल्लं, तू खाल्लंस. त्याने जन्मात घास घेतला नाही, थुंकला होता तो!"

उत्तर नसलेल्या माणसाचा राग फार वाईट. फेली कोयता घेऊन आली आणि माझ्या शेंड्यावर घाव घालू लागली. माझं खोड आतून मऊ असतं, फार वेळ लागला नाही. पानांचा मुकुट सगळा कोसळला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, एकेक शब्द ओढत ओढत.

"माझी... सावली... होती... ती."

सिरिलो रोज माझ्याखाली बसायचा. फेलीने कोयता टाकला आणि तिथेच खाली बसून रडू लागली. एन्ग्रासियाने तिच्याशी कित्येक महिने अबोला धरला.

मी मेले नाही. कापल्या जागेच्या बाजूने दोन कोंब फुटले आणि पानं आली. सिरिलोला पुरून आल्यावर एन्ग्रासिया मला बघायला आली. काळा झगा, सुजलेले डोळे. माझ्या कोंबांकडे बघून म्हणाली, "मेली, तूही माझ्यासारखीच. छाटली तरी मरत नाहीस."

त्यानंतरची वर्षं ती माझी वकील झाली. कुणी फदांगचं नाव काढलं की फटकारायची, "माझा नवरा फदांगला शिवला नाही, तरी गेला. मग झाडाला कशाला बोल लावता?" झाडावरून आरोप गेला की तिच्या हातावरूनही जाणार होता. म्हणून ती हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मला ते थवे आठवायचे, माझ्या बियांवर लोंबकळणारे. मी तोंड उघडू शकत नव्हते, आणि उघडू शकत नव्हते हेच बरं होतं.

फेली पन्नाशी ओलांडून साठीत गेली, निवृत्त होऊन आईजवळ राहायला आली. एन्ग्रासिया नव्वदीची, पण ठणठणीत, आणि तोंड तसंच. फानिही आता औषधालाही सापडत नव्हती. नव्या पिढीत बोदिगही दिसत नव्हता. तेव्हा एक परदेशी बाई आली, वनस्पतींचा अभ्यास करणारी. एन्ग्रासियाला फक्त आपली चामोरो बोली येत होती, म्हणून मध्ये फेली बसली. तिघीही माझ्या सावलीत.

त्या बाईने आधी फेलीला समजावून सांगितलं. शरीरातली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या माळा. मणी म्हणजे अमिनो आम्लं. मासा खा, डाळ खा, अंडं खा, पोट त्या माळा तोडतं, मणी सुटे करतं, आणि शरीर त्यातून आपल्याला हवी ती माळ नव्याने ओवतं. मेंदू, स्नायू, रक्त, सगळं त्यातून. काही मणी शरीराला स्वतःला करता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. "पण या झाडात एक परका मणी आहे," ती म्हणाली. "कदाचित खऱ्याच्या जागी चुकून ओवला जात असेल आणि माळ बिघडत असेल. खात्री नाही. पिठातून तो बराचसा धुऊन जातो. पण या बिया खाणाऱ्या प्राण्याच्या अंगात तो साठत असला तर? तुमचे वडील वटवाघळं खायचे का? आईला विचाराल?"

फेलीचे हात मांडीवर तसेच राहिले. मी तिच्याकडे बघत होते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी हिनेच कोयता घेतला होता.

"काय म्हणतेय ती गोरी?" एन्ग्रासियाने विचारलं. "मणी मणी काय चाललंय? माळ विकायला आलीय का?"

फेली आईकडे वळली. "विचारतेय, बाबांना सगळ्यात जास्त काय आवडायचं खायला."

म्हातारीचा चेहरा उजळला. "फानिही! नारळाच्या रसात, कातडीसकट. एकदा सणाला बसला तर उठेचना. मी म्हटलं, अरे मेल्या, पाहुण्यांना ठेव! तर म्हणतो, पाहुण्यांना तुझी भाकरी घाल, म्हणजे पुन्हा यायचे नाहीत!" आणि ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "सांग तिला, माझ्या हातची चव होती."

फेली त्या बाईकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "हो. खायचे. पुष्कळ खायचे. याच झाडावरची." ती नर्स होती, तिथे तिने काही लपवलं नाही.

"काय म्हणाली ग?"

"म्हणाली, बाबा नशीबवान होते."

"होताच मुळी," एन्ग्रासिया म्हणाली.

दोन वर्षांनी ती झोपेतच गेली. हसत नव्हती, पण निर्धास्त होती.

मी मात्र निर्धास्त झाले नाही. त्यानंतर आणखी लोक येऊन गेले. एक म्हणाला, फदांगच. दुसरा म्हणाला, एवढ्याशा मात्रेने काय होणार. तिसऱ्याला खडकातल्या पाण्याचा संशय. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या बियांनी लढाईत पोरांची पोटं भरली, त्याच बियांनी एका माणसाचा पाग हवेत गोठवला का? माझ्या अंगात काय आहे हे मला माहीत आहे. तुमच्या अंगात गेल्यावर ते काय करतं, ते मला कसं कळणार?

आणि आता हे नवीनच. बाहेरगावच्या शोभेच्या रोपांबरोबर एक बारीक किडा बेटावर आला आहे. पानाला चिकटतो, वर पांढरं कवच धरतो आणि रस शोषत बसतो. उतारावरच्या माझ्या सगळ्या बहिणी पीठ उधळल्यासारख्या पांढऱ्या झाल्या आणि उभ्या उभ्या वाळल्या. माझीही खालची पानं गेली. बी धरायची ताकद राहिलेली नाही.

फेली रोज सकाळी साबणाचं पाणी आणि जुनं फडकं घेऊन येते. सत्तरीच्या पुढे गेली आहे. स्टुलावर बसते, एकेक पान वरून खाली पुसते, माझ्याशी बडबडते. "तुला तोडायला निघाले होते मी. आता बघ, आंघोळ घालतेय. आईने बघितलं असतं तर किती टोमणे मारले असते."

आज सकाळीही आली. दोन पानं पुसून झाली. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तिचा हात थांबला. फडकं तिथेच. ती हाताकडे बघत राहिली. उन्हाने डोळे दिपले असतील. खांदा भरून आला असेल. या वयात हात थांबतातच की.

लहानपणी तिने माझ्या किती भाकऱ्या खाल्ल्या होत्या!

मी तुमच्याकडे काही मागत नाही. मला औषध नको, की निकाल नको. फेली, तुला सांगते आहे. ते पान राहू दे पांढरं, हवं तर वाळू दे. पण हात हलव. हलव ग बाई.