सुमनताईंचा काटा

मित्रांनो, माझ्या गळ्यात अडकवलेली ही पुठ्ठ्याची चिठ्ठी आधी वाचून घ्या. 'नादुरुस्त. वापरू नये.' अक्षर मोत्यासारखे आहे. मी तान्ह्या बाळांचे वजन करणारा जुना काटा, आणि हे अक्षर ज्यांचे आहे त्यांच्यावर माझा देवासारखा विश्वास होता. माझ्यात बिघाड मात्र तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात माझी घडण झाली. पितळी दांडी, तिच्यावर सरकणारे छोटेसे वजन आणि वर बाळ निजेल एवढे पांढरे पारडे. एकोणीसशे चौपन्न साली मी चिंचवड गावठाणातल्या दवाखान्यात आलो. दवाखाना कसला, दोन खोल्या आणि एक पडवी. दर गुरुवारी पुण्याहून आरोग्यसेविका सुमनताई यायच्या. आल्या आल्या त्या पारड्यात एक पौंडाचे पितळी वजन ठेवून माझी परीक्षा घेत आणि मग तेलाच्या फडक्याने माझी दांडी पुसत. मी एकदाही नापास झालो नाही. खोटे कशाला सांगू, मला त्याचा ताठा होता. किती बाळांनी माझ्यावर अभिषेक केला त्याची गणती नाही, पण मी कधी कुरकुरलो नाही.

सुमनताई एक संशोधन करत होत्या. शेतात राबणाऱ्या, बेताचे खाणाऱ्या आयांना पुरेसे दूध येते का, हे त्यांना शोधायचे होते. रीत सोपी होती. भुकेल्या बाळाचे वजन करायचे, मग आईने त्याला अंगावर पाजायचे आणि त्याच दुपट्यासकट पुन्हा वजन करायचे. वजन जितके वाढेल तितके दूध पोटात गेले. पहिल्या वजनाचा आकडा सुमनताई पडवीतल्या सगळ्या बायकांसमोर मोठ्याने सांगत. दुसरा मात्र गुपचूप वहीत लिहीत. शंभर आयांची नोंद झाली की निबंध पुण्याला जायचा होता.

रावेतहून रंभा यायची, दोन महिन्यांच्या कोंडाजीला घेऊन. तिचे आधीचे मूल गेले होते, म्हणून याला जन्मताच कोंड्यात लोळवून हे नाव ठेवलेले. बरोबर सासू गोजाबाई असायची. पहिल्या वजनाच्या वेळी दुपट्याच्या घडीत मला काहीतरी टणक लागले. तो लोखंडाचा जाडजूड नट होता. रंभाचा नवरा पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात यंत्रे बसवायच्या कामावर होता, तिथून आणलेला. चारचौघींत नातवाचा खरा आकडा कळू नये, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून गोजाबाईने तो खोचला होता. रंभा पाजायला बसली की लेकराला टोचू नये म्हणून सासू तो हळूच काढून घ्यायची. नट तीन औंसांचा, आणि बाळ प्यायचे तेही तीन औंस. दुसऱ्या वजनाला माझी दांडी जिथल्या तिथे राहायची.

तीन गुरुवार हेच झाले. मला सगळे कळत होते, पण काट्याला तोंड नसते.

"रंभा, तुला दूध नाही," सुमनताई म्हणाल्या. "बाळाला डब्याचं दूध सुरू कर."

"न्हाई कसं, बाई? माझी चोळी भिजतीया."

सुमनताईंनी माझ्या दांडीवर हात ठेवला. "काटा खोटं बोलत नाही, रंभा."

मित्रांनो, त्या क्षणी मी फुशारून गेलो. त्याची लाज मला अजून वाटते.

रंभाने ऐकले. दाटून आलेले दूध तिने न्हाणीत पिळून टाकले आणि महिन्याभरात ते आटले. इकडे डब्याच्या दुधाने कोंडाजीला हगवण लागली. दर गुरुवारी तो पारड्यात हलका येऊ लागला. तो आकडा दाखवताना माझा जीव कासावीस व्हायचा.

एका गुरुवारी बायका यायच्या आधी गोजाबाई एकटीच आली आणि तिने तो नट टेबलावर ठेवला.

"ताई, माझ्या हातनं चूक झाली. ह्यो पहिल्या वजनाला आत व्हता, दुसऱ्याला न्हवता. काल दुकानात गूळ तोलताना माझ्या डोसक्यात परकाश पडला. आन मी एकटीच न्हाई. रावेतच्या समद्याच बाया कायबाय घालत्यात. कुनी खिळा, कुनी कडी."

सुमनताईंनी नट माझ्या पारड्यात ठेवला. दांडी तीन औंसांवर थांबली. निबंध पुण्याला पोचून पंधरा दिवस झाले होते, त्याच्या कौतुकाचे पत्र टेबलावरच पडले होते. मला वाटले, आता त्या कागद घेतील आणि खरे काय ते लिहून पाठवतील. त्यांनी नट उचलला, खणात टाकला आणि खण लावला.

"गोजाबाई, हे कुणाजवळ बोलू नका. तुमच्याच सुनेच्या जिवाला लागेल."

पुढच्या गुरुवारी रंभाने भर पडवीत विचारले, "बाई, खरं सांगा. मला दूध व्हतं का न्हवतं?"

गोजाबाईने सुमनताईंकडे पाहिले. सुमनताईंनी माझ्याकडे पाहिले.

"होतं, रंभा," त्या म्हणाल्या. "हा काटाच खोटा निघाला."

त्याच सकाळी त्यांनी माझी परीक्षा घेतली होती, आणि मी पास झालो होतो.

रंभा माझ्याजवळ आली. तिने कोंडाजीला पारड्यातून उचलले. "मी माझ्या भिजल्या चोळीवर इश्वास ठिवला न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्यावर ठिवला." आणि ती निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

तिचा राग मला कबूल आहे. पण सुमनताईंनी हे करायला नको होते. ज्या हातांनी माझी दांडी पुसली त्याच हातांनी त्यांनी ही चिठ्ठी लिहिली आणि मला माळ्यावर टाकले. पुण्याच्या निबंधात मी खरा राहिलो, कारण तिथे मी खरा असण्याची त्यांना गरज होती. चिंचवडच्या पडवीत मी खोटा ठरलो.

ते एक पौंडाचे वजनही इथेच माझ्याजवळ धूळ खात पडले आहे. मित्रांनो, कधी माळ्यावर चढलात तर ते पारड्यात ठेवून बघा आणि मगच चिठ्ठीवर विश्वास ठेवा. आणि पुढे तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झाले, आणि एखादी आई म्हणाली की माझी चोळी भिजते आहे, तर माझ्याकडे बघण्याआधी तिच्याकडे बघा.