जुव्यावरचा रविवार

जन्म समुद्राकाठी काढलेल्या बाईला कुणी पाणी दाखवायला नेतं का? पण सलोनीला हे सांगणार कोण? चार बुकं शिकली, नर्स झाली, आता आईला बोटाला धरून फिरवायला निघाली. गुणवंतीने ही तक्रार एस.टी.त शेजारच्या बाईला सांगितली, उतरल्यावर होडीवाल्याला सांगितली, आणि होडीत बसल्यावर दुसरं कुणी उरलं नाही म्हणून खुद्द सलोनीलाच सांगितली. पोरगी नुसती हसली. हे तिचं आणखी एक. हिच्याशी भांडायला जावं तर समोर कुणी उभंच राहत नाही.

दोन हजार दोन सालचा फाल्गुन संपत आला होता. सलोनीला मस्कतच्या इस्पितळात नोकरी लागली होती आणि बुधवारी तिला निघायचं होतं. तीन वर्षं तरी परत येणं नव्हतं. जायच्या आधी तिने आईकडे तीन दिवस मागितले. पैसा नको, दागिना नको, तीन दिवस मासे सोडून माझ्याजवळ राहा, एवढंच म्हणाली. गुणवंतीला ते मागणं पोरखेळ वाटलं. तरी हो म्हणाली, कारण नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

नवरा गेला तेव्हा सलोनी दोन वर्षांची होती. तेव्हापासून गुणवंती पहाटे चारला मिरकरवाड्याच्या मासळीच्या लिलावाला उभी असे. पोर उठायची तेव्हा आई बंदरावर, आई घरी यायची तेव्हा पोर झोपलेली. पोटाला घालायचं तर दुसरं काय करणार होती? हा प्रश्न ती लोकांना तोंडावर विचारी.

पावस गावाच्या पुढच्या खाडीत, आत बरंच गेल्यावर, हा जुवा. चारी बाजूंनी पाणी, मधे माडांची राई आणि मोजकी घरं. गंगुबाई नावाच्या बाईने घरातली एक खोली पाहुण्यांसाठी काढली होती. गुणवंतीने पहिल्या दिवशी तिच्या आमटीत खोड काढली, गादीत खोड काढली. एवढी शांतता कशाला, माणूस मेलं तरी कळायचं नाही, असंही म्हणाली. गंगुबाई वस्ताद. ती म्हणाली, "तुम्ही हायसा तवर शांतता कसली, बाय."

शनिवारी दुपारी मात्र नवल झालं. माडाखाली चटईवर गुणवंती आडवी झाली आणि दोन तास झोपली. तीस वर्षांत दिवसाउजेडी झोपली नव्हती. जाग आली तेव्हा सलोनी तिचा हात मांडीवर घेऊन बसली होती. काटे घुसून, सुरी लागून तळव्यावर जे वण पडले होते ते एकेक बोटाने बघत होती. हा कसला, तो कसला, विचारू लागली.

"उद्या सांगीन. उद्या काय पळून जातोय?" गुणवंती म्हणाली आणि हात ओढून घेतला. हाताला माशांचा वास येत असेल असं वाटलं तिला.

रविवारी उजाडताच ती खाडीकाठी गेली. आदल्या रात्रीच्या जाळ्यातली कोळंबी माणसं टोपल्यांत ओतत होती. टपोरी, अजून उड्या मारणारी. गुणवंतीचा हात आपोआप त्यात गेला. रविवार. रत्नागिरीच्या बाजारात आज खांद्याला खांदा लागला असेल, आणि तिच्या जागेवर शेजारची तुळसा बसली असेल. बाजारात जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. रोज बसेल त्याची जागा. तीन दिवस रिकामी ठेवली की चौथ्या दिवशी दुसरीचा पदर तिथे पसरलेला असतो. तुळसा तर वीस वर्षं टपून होती.

सलोनी अंगणात दात घासत होती. आईच्या डोक्यावर कोळंबीची पाटी बघून तिचा हात थांबला. गुणवंतीनेच सांगितलं, जाते नि संध्याकाळच्या आत येते, तू जेवायला थांब.

"आये, आज शेवटचा दिवस आहे," सलोनी म्हणाली.

"मग काय? पाच वाजता इथे असेन."

सलोनी चूळ भरायला गेली.

पलीकडे उतरवताना होडीवाल्या बाबल्याने बजावलं, दुपारी बाराच्या आत परत या. नंतर खाडी रिकामी होते. मग पाणी सातच्या आधी पुरत नाही, आणि ह्या अंधाऱ्या पंधरवड्यात, पाण्याखालच्या खडपांमधून, दिवस बुडाल्यावर मी होडी घालत नाही.

गुणवंतीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मला पाणी शिकवतोस, मेल्या? आज दशमी. दशमीची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पुरी, तर पाचला होडी तरंगायला हवी. तुझ्या बापाला विचार."

हिशेब चोख होता. तिथीची पाऊणपट करून भरती काढायला तिला घड्याळ लागलं नव्हतं की शाळा. पण तो हिशेब बंदराचा. अरुंद खाडीत एवढ्या आत पाणी पोचायला दोन तास जास्त लागतात. खाडीतल्या पोराला ते ठाऊक होतं आणि समुद्रावरच्या बाईला ते त्याच्याकडून ऐकायचं नव्हतं.

बाजारात पोचली तर तिची जागा रिकामी. रिकामी म्हणजे, तिथे तुळसाचं ओलं गोणपाट अंथरलेलं. गुणवंतीने तोंड उघडलं, तेवढ्यात तुळसाच म्हणाली, "बस. परवापासून हितं कुणाला टेकू दिलं नाय. म्हटलं, गुणवंती लेकीसंगं गेली हाय, जागा तरी राहू दे तिची." मग पाटी बघून तिने विचारलं, "लेक गेली काय इतक्यात?"

गुणवंतीने पाटी उतरवली आणि गिऱ्हाइकाला हाक मारली. कोळंबी तासाभरात उठली. तरी गुणवंतीने उगाच दहाची गाडी जाऊ दिली. पाचपर्यंत वेळ होता ना.

पाचला ती खाडीकाठी उभी राहिली तेव्हा समोर पाणी नव्हतं. कमरेइतका काळा चिखल होता आणि मधे पाण्याची बोटभर रेघ. बाबल्याची होडी कलंडून पडली होती. पलीकडे, जुव्याच्या धक्क्यावर, सलोनी बसली होती. तिने हात वर केला. गुणवंतीनेही केला. ओरडली असती, पण वारा उलटा होता. सहा वाजले, साडेसहा वाजले. पोरगी उठली नाही. दिवस बुडाला, पाणी सळसळत यायला लागलं, आणि बाबल्याने नाही म्हणून मान हलवली. गुणवंतीने आधी त्याला शिव्या दिल्या, मग हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा जोडले असतील. तो म्हणाला, "मावशे, तुला बुडवून मी काय तोंड दाखवू?" ती रात्र तिने त्याच्याच पडवीत काढली.

सकाळी ती पलीकडे गेली तेव्हा सलोनीची पिशवी भरून तयार होती. आदल्या दुपारी सलोनी गंगुबाईबरोबर चिखलात उतरून तिसऱ्यांचे शिंपले काढायला गेली होती. त्यांचं सार आपल्या हाताने केलं होतं, आईला घालायला. रात्री पोरगी जेवली नाही, हे गंगुबाईने सांगितलं. सलोनीने नाही. तिने एवढंच विचारलं, जागा राहिली का?

राहिली, म्हणाली गुणवंती. तुळसाचं सांगायला जीभ वळेना.

होडी सुटायला अवकाश होता. दोघी धक्क्यावर उभ्या होत्या. बुधवार आता दोन दिवसांवर, आणि ते दोन दिवस कागदपत्रांत नि नातेवाइकांत जायचे. गुणवंतीने बाबल्यावर ढकलायला म्हणून जुळवलेलं सगळं बोलणं गिळलं. मग लेकीकडे न बघता, बाजारात बोलते त्याच आवाजात बोलली.

"सलोनी, तुझ्यात एक खोट आहे, ती आज सांगते. तू एकदा मागतेस आणि नाही मिळालं की गप बसतेस. लहानपणीही अशीच होतीस. मी चुकले, ते मी बघेन. पण तू काल वाटेत आडवी पडायची होतीस गो. मी तुला शिव्या घातल्या असत्या, आणि राहिले असते."