न शिकवलेलं ऑपरेशन

तिने चिमट्याने जाळीची कड उचलली, तसं आतून रक्त पाझरलं. हर्नियावर पूर्वी बसवलेली ती जाळी आक्रसून घट्ट गोळा झाली होती आणि शेजारचा मज्जातंतूही तिच्यात गुंडाळला गेला होता. तिने चिमटा तिथेच धरून ठेवला.

"सिस्टर, सरांना व्हिडिओ कॉल लावा. दिव्यावरचा कॅमेरा रेकॉर्ड करतोच आहे, तेच त्यांनाही दिसू दे."

सर म्हणजे तिचे गुरू. जाळी बसवायची कशी, हे त्यांनी सर्जन्सच्या दोन पिढ्यांना हात धरून शिकवलं होतं. काढायची कशी, हे कुणालाच नाही. 'नीट बसवलेली जाळी दुखत नाही, दुखतं ते मन' हे त्यांचं वाक्य तिला ब्रह्मवाक्य. त्याच्याच भरवशावर तिने टेबलावरच्या या बस-ड्रायव्हरला, जाळीपाशी दुखतंय म्हणून आला तेव्हा, दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, गाडी खडखडतेय म्हटलं तर मेकॅनिक निदान बॉनेट तरी उघडतो. तुम्ही तर ड्रायव्हरलाच वेडं ठरवलंत." म्हणून आज तिने उघडून पाहिलं होतं.

"वरून सोडवू नकोस, खालून ये," सरांचा आवाज खोलीभर घुमला. "तिथे एक पातळ पापुद्रा शाबूत असतो. प्रत्येकात असतो. त्यातून आत जा."

पापुद्रा होता. चिमटा लोण्यात शिरावा तसा आत गेला.

"शाब्बास. आता रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा तसाच राहू दे. तिथे हाव धरलीस तर माणूस हातचा जाईल."

बाकीची जाळी ट्रेमध्ये पडली. तिने मान वर केली नाही.

"सर, प्रत्येकात म्हणजे?"

तिने चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"आजवर किती काढल्यात?"

"मोजल्या नाहीत गं. तुम्ही परत पाठवलेले शेवटी माझ्याकडेच यायचे. गुपचूप काढून द्यायचो."

"आणि आम्हाला सांगत होतात, मनाचं दुखणं आहे."

"बभ्रा झाला असता, पोरी. माझ्या ऑपरेशनचं नाव गेलं असतं." त्यांनी आवाज खाली आणला. "ही केस कुठे मांडू नकोस."

तिने टाके घातले, नेहमीसारखे, एकसारखे. मग हात धुवायला गेली ती नळ सोडून नुसतीच उभी राहिली. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. रक्ताचा थेंबही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने पांघरुणाखाली पाय हळूच दुमडला, पुन्हा सरळ केला.

"टाके ओढतायत. पण ती कळ नाही." त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे माझ्या डोक्यात नव्हतं ना?"

"नव्हतं."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. ती खुर्ची ओढून बसली आणि त्याला सावरू दिलं.

"ऑपरेशनचा व्हिडिओ बाकीच्या सर्जन्सना दाखवू का? चेहरा, नाव काही येणार नाही."

"दाखवा की. माझ्यासारखे किती जण घरी कण्हत पडले असतील."

केबिनमध्ये सिस्टर कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांचा ग्रुप समोर उघडा होता. सरही त्यात होतेच.

"मॅडम, सरांचा आवाज काढून टाकू ना? शेवटचं बोलणंसुद्धा आलंय त्यात."

"नको," ती म्हणाली. "राहू दे. त्यांच्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार?"