यंत्राचा कबुलीजबाब

आमच्या शाळेच्या सभागृहात पंख्याखालच्या खुर्च्या आधी भरतात. त्या दिवशी मात्र पुढच्या रांगा आधी भरल्या. बेचाळीस शिक्षक, दोन कारकून आणि घंटा द्यायची सोडून आलेला शिपाई, सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते. पडद्यावर नववीतल्या एका मुलीचा निबंध होता. पाहुण्या तज्ज्ञाने त्याखाली कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमसाठी प्रश्न टाइप केला, ‘हे तूच लिहिलंस ना?’

तीन ठिपके जरा वेळ नाचले आणि उत्तर आलं, ‘हो, हा निबंध मीच लिहिला आहे.’

“अगंबाई!” भूगोलाच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. चित्रकलेचे सर टाळ्या वाजवायला लागले. शिपायाने तर चक्क हात जोडले.

हा तज्ज्ञ शिक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्ता समजावून द्यायला तीन दिवसांसाठी आला होता. पहिल्या चहालाच स्टाफरूमने त्याचं नाव ‘सर्वज्ञ’ ठेवलं. कॉम्प्युटरमधल्या त्या प्रोग्रॅमला तो ‘साहेब’ म्हणायचा.

“गुरुजनहो,” सर्वज्ञ म्हणाला, “साहेबांच्या पोटात जगातलं सगळं ज्ञान आहे. साहेबांना भूक नाही, झोप नाही, सासर नाही, माहेर नाही. मग साहेब खोटं कशासाठी बोलतील? बोलतील का?”

“नाही!” सभागृह एका सुरात म्हणालं.

मी त्या सुरात नव्हते. त्यात शौर्य काही नव्हतं, माझ्या तोंडात बिस्किट होतं. एकतीस वर्षं गणित शिकवतेय मी. कुणी ‘उत्तर बरोबर आहे’ म्हणालं की ‘रीत दाखव’ म्हणायची जिभेला सवय लागलीय. पण बिस्किट गिळेपर्यंत हेडसर उभे राहिले होते.

“फसवणूक उघड झाली,” ते म्हणाले. “मुलीकडून माफीपत्र घ्या. आज दुपारी दाखल्यावर शेरा मारू.”

लाल शाईतला शेरा. तो मुलीबरोबर पुढच्या प्रत्येक शाळेत जाणार होता.

आता ही मुलगी कोण, ते सांगते. नववी ब, खिडकीकडचा बाक. आई-वडील नाहीत, आत्या सांभाळते. आत्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. निबंध आत्यावरच होता. ‘चादर वाळली की आत्या आधी नाक लावते. औषधाचा वास राहिला असेल तर परत पाण्यात टाकते. म्हणते, आजारी माणसाला दुसऱ्याचा आजार कशाला हुंगायला लावायचा.’ पानभर असं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. भाषेच्या बाईंना शंका आली ती तिथेच. “एवढं चांगलं आपल्या पोरांना जमतं का हो?” त्या म्हणाल्या. स्वतःच शिकवलेली पोर, आणि तिला चांगलं आलं याचाच यांना संशय! कपाळाला हात लावायचा, दुसरं काय.

माफीपत्र लिहून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दारापाशी मीच बसले होते. ऑफिसशेजारच्या खोलीत मुलगी बसली होती. पुढ्यात कोरा कागद. मी खुर्ची ओढली आणि एकतीस वर्षांच्या सरावाने विचारलं, “तूच मशीनकडून लिहून घेतलंस ना?”

“हो बाई.”

“कुठल्या फोनवर?”

तिने कोऱ्या कागदाची कडा दुमडली.

“घरी फोन कसला आहे?”

“बटणांचा. आत्याचा.”

“मग कॉम्प्युटर कुठला वापरलास?”

पेनचं टोपण चावत होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी प्रश्न उलटा केला. “तू नाही ना लिहून घेतलंस?”

“नाही बाई,” ती म्हणाली. तितक्याच पटकन, त्याच सुरात.

आमचा सगळ्यांचा हा जुना धंदा. खडू उडाला की ‘तूच फेकलास ना?’, काच फुटली की ‘तूच फोडलीस ना?’ उत्तर आपणच द्यायचं, पोराने फक्त ‘हो’ म्हणायचं. लवकर ‘हो’ म्हटलं की लवकर सुटका, हे पहिलीतलं पोरसुद्धा जाणतं. मी अशा किती कबुल्या खऱ्या मानल्या असतील, देव जाणे. आणि सकाळी पडद्यावर आम्ही दुसरं काय केलं होतं?

“पेन खाली ठेव,” मी म्हटलं. “चल माझ्याबरोबर.”

सभागृहात सर्वज्ञ ‘साहेबांचे भविष्यातील उपकार’ या विषयावर पोहोचला होता. मी सरळ पुढे गेले.

“मलाही दोन प्रश्न विचारायचे आहेत साहेबांना.”

“अवश्य, अवश्य! साहेब सर्वांचे आहेत.”

नळाशेजारी लावलेली सूचना मी येताना काढून आणली होती. ‘पाणी पिऊन झाल्यावर नळ बंद करावा. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा.’ हेडसरांनी बावीस वर्षांपूर्वी टाइपरायटरवर स्वतः बडवलेली. ‘थेंबाथेंबाचा’ हा शब्द त्यांना कसा सुचला, हे ते दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगतात. मी सूचना टाइप केली आणि खाली लिहिलं, ‘हे तूच लिहिलंस ना?’

ठिपके नाचले. ‘हो, ही सूचना मीच लिहिली आहे. आणखी प्रभावी करून देऊ का?’

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हेडसर लाल झाले. “काहीतरी काय! ही माझी सूचना आहे!”

“साहेबांना भूक नाही, झोप नाही,” मी म्हटलं. “मग ते खोटं कशासाठी बोलतील, सर?”

सर्वज्ञ घाईने म्हणाला, “मॅडम, असा शेकडा एखादा अपवाद...”

“थांबा, दुसरा प्रश्न राहिलाय.” मी मुलीचा निबंध परत चिकटवला आणि लिहिलं, ‘हे तू लिहिलेलं नाहीस ना?’

‘बरोबर आहे, हा निबंध मी लिहिलेला नाही. गैरसमजाबद्दल क्षमस्व.’

भूगोलाच्या बाईंचा हात पुन्हा छातीवर गेला, पण या वेळी ‘अगंबाई’ आलं नाही.

“तुम्ही प्रश्न चुकीचा विचारलात,” सर्वज्ञ म्हणाला.

“सकाळचाच विचारला, फक्त उलटा केला. बरं, मला एक सांगा. दुसऱ्या कुणाशी झालेलं बोलणं या प्रोग्रॅमला आठवतं?”

त्याने टाय सैल केला. “तशी... तशी सोय यात नाही.”

“मग त्या मुलीने याच्याशी बोलून निबंध घेतला की नाही, हे याला कळलं कसं?”

सर्वज्ञाने पाण्याची बाटली उघडली. पाणी बराच वेळ पीत राहिला.

मग मीच फळ्याकडे गेले. सांगायला फार नव्हतं. या प्रोग्रॅमने माणसांनी लिहिलेला मजकूर ढिगाने वाचलाय, आणि कशापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधायला तो शिकलाय. अंदाज पुष्कळदा छान असतो. पण ‘तूच ना?’ म्हटलं की पुढे ‘हो’ शोभतं, म्हणून तो ‘हो’ म्हणतो. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं, याला तेही माहीत नाही. “उद्या गणिताचे पेपर काढायला मीच याची मदत घेईन,” मी म्हटलं. “उत्तरं तपासून. पण साक्षीदार म्हणून याला उभं करू नका. आणि निबंध चांगला आहे म्हणून तो मुलीचाच, असंही मी म्हणत नाही, तोही पुरावा नव्हे. तिला कागद द्या, समोर बसवा, आत्यावर आणखी एक पान लिहू दे. यंत्र असो, माणूस असो, कुणी छातीठोक काही सांगितलं की एवढंच विचारा, याला हे कळायला मार्ग काय होता?”

मुलीने तिथेच, पहिल्या रांगेत बसून, पान लिहिलं. आत्याच्या इस्त्रीवर. भाषेच्या बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिच्यासमोर जाऊन म्हणाल्या, “चुकलं माझं, बाळा.” हेडसरांनी लाल पेन खिशात परत ठेवलं. मग तेही पुढे आले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “झालं ना आता समाधान?”

“हो सर,” ती पटकन म्हणाली.

हेडसर वळले, दोन पावलं गेले आणि थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते परत आले, तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

“काय वाटतंय तुला?” त्यांनी विचारलं.

ती खाली बघत राहिली. बेचाळीस शिक्षक थांबले. एवढा वेळ आम्ही कुठल्याच पोराच्या उत्तरासाठी कधी थांबलो नव्हतो. शिपाई घंटा द्यायला निघाला होता, तोही दारात उभा राहिला.

“राग आलाय,” ती म्हणाली. “तुमच्या सगळ्यांचा.”