पोकळ भिंतीवरचं कपाट

टेलरबाई लेकीकडे राहायला आल्या त्या ‘चार दिवस’ म्हणून. गुडघ्यांनी संप पुकारला होता, दुकानाचा जिना चढवत नव्हता, आणि लेक काही ऐकून घ्यायला तयार नव्हती. येताना त्यांनी कपड्यांची बॅग आणली, शिलाई मशीन आणलं आणि भिंतीवर टांगायचं एक कपाट आणलं. चार दिवसांच्या पाहुणीला कपाट कशाला लागतं, असं घरात कुणी विचारलं नाही.

कपाट एका बंद पडलेल्या औषधांच्या दुकानातलं. भरीव लाकडाचं, आणि समोर छोट्या छोट्या खणांच्या ओळीच ओळी. त्या खणांत आता गोळ्यांऐवजी बटणं असत. गणवेशाची पांढरी, कोटाची चार भोकांची, पितळी, काचेची, कापडाने मढवलेली. एका बटणाला वजन ते काय असणार? पण खणभर बटणं उचलून पाहिली की मनगट बोलायला लागतं.

लेक नर्स होती. जावई चष्म्यांच्या दुकानात काचा घासून बसवायचा. माणूस सरळ, पण अबोल. सासू-जावई बोलत नसत असं नाही, एकमेकांशी थेट बोलत नसत इतकंच. “आईंना साखर किती घालू, विचार,” असं तो सासूच्या समोर बसून बायकोला म्हणायचा. “एक चमचा, सांग त्यांना,” असं टेलरबाई हातभर अंतरावरून लेकीला सांगायच्या. या घरात आपल्याला टपालखात्याचा पगार मिळायला हवा, असं लेक म्हणायची.

टेलरबाईंची खोली म्हणजे मूळच्या हॉलचाच एक तुकडा. आधीच्या मालकाने मध्ये भिंत घालून तो वेगळा काढला होता. भिंत तरी कसली? उभ्या लाकडांवर दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड ठोकलेले आणि मध्ये नुसती हवा. भिंतीला कान असतात म्हणतात. ही भिंत म्हणजे नुसता कानच होता. पलीकडे कुणी पेपराचं पान उलटलं तरी अलीकडे कळायचं.

एका सुट्टीच्या दिवशी जावयाने कपाट टांगलं. अर्ध्या मिलिमीटरवर जगणारा माणूस तो. पाणसळ लावून चार कोपऱ्यांवर खुणा केल्या, ड्रिलने भोकं पाडली, प्लास्टिकचे गट्टू ठोकले आणि चार लांब स्क्रू पिळले. इतकं सरळ लागलेलं कपाट टेलरबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्याच खाली त्यांनी मशीन मांडलं आणि रोज थोडे थोडे खण भरत गेल्या.

मग एकदा काळ्या स्कर्टला दुमड घालताना कापडावर पांढरी पूड दिसली. शिवणाच्या खडूची असेल म्हणून त्यांनी झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलेली. बोटावर घेऊन चोळून पाहिली. खडू मऊ असतो, बोटाला धरतो. ही पूड कचकचीत होती. त्यांनी मान वर करून कपाटाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

बोलायचं कुणाशी? लेकीला सांगितलं तर ती नवऱ्याला सांगणार. त्याने बिचाऱ्याने सुट्टी घालवून कपाट लावून दिलं, आणि पाहुणीने त्यात खोट काढायची? टेलरबाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. पितळी बटणांचे खण तेवढे गुपचूप रिकामे करून बटणं पलंगाखाली बॅगेत सरकवली. आयुष्यभर लोकांची उसवलेली शिवण पहिल्या नजरेत ओळखली आणि तोंडावर सांगितली, पण ते स्वतःच्या दुकानात. इथे जीभ रेटत नव्हती.

त्याच दिवसांत जावई उगाच खोलीत डोकावायला लागला. कधी टेप हवा, कधी कात्री. यायचा, एक नजर वर टाकायचा आणि जायचा. आपण खोली नीट ठेवतो की नाही ते बघतो, असं टेलरबाईंना वाटलं. त्यांनी पलंगावरची चादर आणखी ताठ ओढायला सुरुवात केली.

त्या दुपारी लेक ड्युटीवर होती आणि जावयाचं दुकान बंद होतं. टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या. टेप घ्यायला म्हणून जावई आत आला आणि वरून आवाज झाला, मांजरपाट टरकन फाडावं तसा.

“उठा,” तो म्हणाला, आणि दोन ढांगांत येऊन त्याने कपाटाला दोन्ही तळवे आणि खांदा लावला.

टेलरबाई गुडघे विसरून बाजूला झाल्या. वरचे दोन्ही स्क्रू बोर्डाचा लचका घेऊन बाहेर आले होते, खालचे दोन कसेबसे तग धरून होते. कपाट पुढे झुकलं होतं आणि त्याखाली जावई, चौकट डोक्यावर घेतल्यासारखा. एक खण आपसूक सरकला. गणवेशाची पांढरी बटणं त्याच्या डोक्यावरून कॉलरमध्ये, कॉलरमधून शर्टात गेली.

एकट्याला ते खाली ठेवता येईना. त्याने सांगितलं, आधी खण काढा, वजन उतरू दे. टेलरबाई एकेक खण ओढून पलंगावर नेऊन ठेवू लागल्या. मध्ये निरोप न्यायला कुणी नव्हतं.

“पूड पडत होती,” त्या म्हणाल्या. “बरेच दिवस.”

“मला दिसत होती फट. वरच्या कोपऱ्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला वाटलं असतं, जावयाला साधं कपाट लावता येत नाही.”

“येतच नाही.”

तो हसला तसं कपाट हललं. हसवू नका, म्हणाला. मग त्याने विचारलं, “तुम्ही का नाही बोललात?”

टेलरबाईंनी आणखी दोन खण नेऊन ठेवले. “दुसऱ्याच्या घरात खोट कशी काढायची?”

त्याने खांदा आणखी वर रेटला. मग म्हणाला, “आई, मी रोज बघून जायचो. आज नीट लावू, उद्या लावू म्हणायचो. तुम्ही खाली बसलेल्या असायच्या.”

त्याच्या चष्म्यामागच्या डोळ्यांकडे टेलरबाईंनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. माणूस घाबरला होता. आपल्यासाठी घाबरला होता. त्यांनी उरलेले खण भराभर काढले. मग दोघांनी मिळून खालचे स्क्रू सोडवले आणि रिकामं कपाट पलंगावर आडवं केलं.

भिंतीला दोन खड्डे पडले होते. जावयाने उपसलेला स्क्रू पाहिला. स्क्रू शाबूत होता, गट्टू शाबूत होता, त्याला बोर्डाचा तुकडा तसाच चिकटलेला.

“पातळ कापडावर जड बटण लावलं की असंच होतं,” टेलरबाई म्हणाल्या. “दोरा तुटत नाही, कापडच फाटतं. आतून ठिगळ द्यावं लागतं.”

“म्हणजे आत फळी,” तो म्हणाला.

पण फळीला धरायला आतली उभी लाकडं सापडायला हवी होती. जावयाने टिचकी मारत भिंत ऐकली. कुठे ढब, कुठे ठक, पण खात्री पटेना. टेलरबाईंनी टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक भिंतीवरून फिरवलं. ते एका जागी चिकटलं, मग बरोबर त्याच्या खाली, मग आणखी खाली. बोर्ड लाकडाला ज्या स्क्रूंनी जखडला होता ते हे. त्यांनी तिथे खडूने रेघ ओढली. दुसरी ओळ दीड हात पलीकडे निघाली. दोन लाकडं कपाटाच्या दोन बाजूंना उभी, आणि जावयाचे चारही स्क्रू नेमके मधल्या हवेत.

पुढचं काम रेंगाळतच झालं. बोर्डाच्या दोन आडव्या पट्ट्या कापून काढल्या. वखारीतून मापाच्या जाड फळ्या आणून त्या दोन्ही लाकडांच्या मध्ये बसवल्या आणि टोकांना लोखंडी कोन लावून आवळल्या. वरून बोर्ड पुन्हा बसवला. सांध्यावर जाळीची कापडी पट्टी चिकटवायचं काम टेलरबाईंनी कुणाला करू दिलं नाही. पुट्टी मारली, घासली, रंग दिला. नवे स्क्रू फळीत शिरताना ड्रिल कण्हत होतं. मागच्या वेळी ते लोण्यात गेल्यासारखं गेलं होतं, हे जावयाला तेव्हा आठवलं.

बटणं भरण्याआधी त्याने कपाटाची वरची कड धरली आणि पाय उचलून लोंबकळला. तेवढ्यात लेक ड्युटीवरून आली. नवरा भिंतीला लटकलेला आणि आई खालून “अजून थोडा वेळ राहा” म्हणतेय, हे बघून ती पर्स न ठेवताच दारात थांबली.

त्या रात्री जेवताना टेलरबाईंनी जावयाकडे वळून सांगितलं की मोरीचा नळ गळतो, खिडकीची कडी बसत नाही, आणि डाळ करताना तो मीठ टाकतो की नुसतं दाखवतो ते कळत नाही. मशीनवर एक दिवाही हवा, उजवीकडून नको, डावीकडून.

जावयाने मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. “रविवारी नळ,” तो म्हणाला. “दिव्याची उंची तुम्ही दाखवा.”

लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग आपण इकडून तिकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही हे पाहून तिने भात वाढून घेतला.